अंजिराच्या अंगातला कोट

ती. मृणालआत्यास,

गंधारचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, दारचा शेवगा आणि बाबांचा राग, तिघांची प्रकृती कशी आहे? पत्र दिवाळीपासून लिहीन म्हणतोय. पेन आणायला गेलो, तर वाटेत एकाचं सामान हलवायला थांबलो (त्याने मला सोफा दिला, तो दारातून आत येईना, अजून बाहेरच आहे). व्हॉट्सअॅप केलं असतं, पण तुझे मेसेज तुला बाबाच वाचून दाखवतात.

तर मी हल्ली स्कारबरोत एका बेसमेंटमध्ये राहतो आणि मराठी मंडळाच्या नाटकात काम करतो. जुनी विलायती शोकांतिका आहे, शेवटी उभं फारसं कुणी उरत नाही. मी लाएर्टिस. हा बापाचा निरोप घेऊन परदेशी जातो आणि परततो तेव्हा बाप गेलेला असतो. बाप झालेत शशिकांतकाका, रिटायर्ड डॉक्टर. त्यांना उपदेशाचं भाषण आठवत नाही, म्हणून मनचंच बोलतात, "बाळ, विंटर टायर वेळेवर घाल, हीटर लावून झोपू नकोस." पुढे मी "बाबा, येऊ मी?" म्हणायचं असतं. ते तोंडातून निघतच नाही. (मी नागपूरहून निघालो तेव्हा बाबा दार लावून आत बसले होते, आठवतंय ना.)

आता ऐक. शेजारी एक ग्रीक म्हातारा एकटा राहतो. नाव विचारलं तर लाएर्टिस. अंगावर काटाच आला. म्हणाला, नाव आमच्या पुराणातलं. त्या लाएर्टिसचा मुलगा घरी परतत नाही, म्हणून तो मळ्यात झाडांची आळी खणत राहतो, आणि सून त्याच्या जिवंतपणीच कफन विणायला घेते. म्हणजे नाव एकच, पण एक वाट बघणारा बाप आणि दुसरा उशिरा पोचलेला मुलगा. आणि आम्हा दोघांत फक्त एक कुंपण.

त्याच्या अंगणात अंजिराचं झाड आहे. थंडीत मरू नये म्हणून तो त्याला गोधड्यांत गुंडाळतो, दोरीने आवळतो, वर बादली उपडी घालतो. यंदा वरून मुलाचा कोट चढवून बटणंही लावली. मुलगा कुठे, ते सांगत नाही. माझी खिडकी जमिनीलगत, त्यामुळे अंधारलं की बर्फात कुणीतरी माझ्याकडे बघत उभं असतं. काल तर ते कुंपणाच्या अलीकडे वाटलं. खांदे, डावीकडे किंचित झुकणं, सगळं बाबांसारखं. मी पडदा लावून भात केला. करपला.

बाकी मजेत.

तुझा,
गंधार

ता.क. खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. बाबा बरे आहेत ना? हळूच विचार, मी फोन केला तर उचलतील का.

ता.क. २. पाकीट चिकटवता चिकटवता खिडकीतून बघितलं. झाड आहे, बादली आहे, कोट नाही. बर्फात पावलं आहेत, ती माझ्याकडे येतायत. दार वाजतंय. मी उघडत नाहीये.

ता.क. ३. बाबांना काही विचारू नकोस. कोट सोफ्याला अडखळला आणि बाहेरूनच म्हणाला, "हा इथे कुठल्या गाढवाने ठेवला?" मग उघडलं. बाबा नुसत्या स्वेटरवर आलेत. रस्त्यात कुडकुडताना बघून म्हाताऱ्याने झाडाचा कोट काढून त्यांना घातला. पत्ता तूच दिलास ना? अजून माझ्याकडे धड बघितलेलं नाही. खुर्चीवर बसून विचारतायत, हीटर लावून झोपतोस का.