खंडेनवमीला न दाबलेलं बटण

दिघा,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. जागृतीस,

बाबांचा आशीर्वाद. इंद्रजितरावांनाही सांग.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, आणि ती माझ्यावर कुरकुरते ते वेगळं. दिघ्याहून खारघर ते काय लांब, फोन खिशात, तरी म्हातारा पोस्टात का गेला असं म्हणशील. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो आणि चौथ्याला मी फोन ठेवतो. कागदावर निदान खोडता येतं.

लिहायचं कारण म्हणजे आपला कॉम्प्युटर. तू जाण्यापूर्वी त्यात लिनक्स टाकून दिलंस आणि म्हणालीस, "बाबा, रिटायर झालात, आता हे खोला आणि जोडा." अडीच वर्षं तेच करतोय. सध्या मी बीटा वापरतो. म्हणजे नवीन सिस्टीम बाहेर पडायच्या आधीची कच्ची. भात शिजला का ते बघायला दोन शितं दाबून बघतात ना, तसे आम्ही दाबणारे. काही बिघडलं की त्यांना कळवायचं. माझ्या तीन तक्रारी त्यांनी मान्य केल्या आहेत. कंपनीत बत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, तिथे एकही झाली नव्हती.

तर खंडेनवमीला सकाळी मी मोठा अपडेट लावला. त्यात ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हरही होता. अपडेट चालू असतानाच पूजा मांडली. पाने-पक्कड, मल्टिमीटर, माझी जुनी कॅलिब्रेशनची पेटी, आणि तुझ्या आईची विळी. कॉम्प्युटरलाही हळदकुंकू, झेंडूचं फूल. मग तो आपणहून बंद होऊन परत चालू झाला. चालू झाला तो लॉगिनच्या पानावर. दुसऱ्या दिवशी पासवर्ड घातला, तर पडदा काळा झाला आणि परत तेच पान. पासवर्ड चुकला तर तो तसं सांगतो. हा काहीच सांगेना. आत घेतल्यासारखं करायचं आणि दारातून परत पाठवायचं. दिवसभरात चाळीस वेळा तरी केलं असेल. शेवटी तुझ्या आईनं विचारलं, "त्याची पन तुज्याशी कट्टी हाय का?"

मी भडकलो. म्हटलं, उद्या सगळं पुसतो आणि पहिल्यापासून टाकतो.

जागू, ज्या बाईला त्या कॉम्प्युटरवर आजवर मी फक्त फडका मारताना पाहिलं, ती हातातलं पीठ तसंच टाकून धावत आली. "पुसशील तं बघ! माजं हाय त्यात!"

"तुझं काय आहे त्यात?"

"हाय. तू हात नको लावू."

एवढं म्हणून परत पीठ मळायला गेली. तुझा हट्ट माझ्यावर गेला असं सगळे म्हणतात, पण ते खरं नाही.

मग पुसणं बंद आणि शोधणं सुरू. तू एकदा दाखवलं होतंस, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबलं की चित्रांशिवाय नुसत्या अक्षरांचा काळा पडदा येतो. तिथे तोच पासवर्ड चालला. म्हणजे पासवर्ड बरोबर, मशीन धडधाकट, फक्त चित्र काढणारा ड्रायव्हर बसलेला नाही. नोंदी वाचल्या तेव्हा चूक सापडली, आणि ती माझीच निघाली. बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला आत घ्यायचं की नाही, हे मशीन मालकाला एकदाच विचारतं. चालू होताना निळी पाटी येते, कुठलंही बटण दाबा म्हणते आणि दहा सेकंद थांबते. दाबलं नाही तर मुकाट पुढे जाते, आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो.

ती पाटी मी पाहिली होती. समोरच बसलो होतो, हात जोडून. पण खंडेनवमीला पूजा झालेल्या हत्याराला हात लावत नाहीत. आजोबा विळाकोयत्याला लावत नसत, मी कंपनीत पान्याला लावला नाही. सुपरवायझर ओरडायचा, तरी नाही. मग कीबोर्डला कसा लावू? मी सेकंद मोजत बसलो आणि पाटी निघून गेली.

आता तू हसशील. हस. पण पुढचं हसण्यासारखं नाही.

त्याच काळ्या पडद्यावर मी सगळ्या फायलींची यादी काढली, तुझ्या आईचं काय आहे ते बघायला. ध्वनिमुद्रणाची एकच फाईल होती. तिला नाव नव्हतं, मशीनने टाकलेली तारीख होती. २४ फेब्रुवारी २०२३. तुझ्या लग्नाचा दिवस.

परवानगी परत मागायची सोय त्या लोकांनी ठेवली आहे. ती कमांड दिली, मशीन बंद करून चालू केलं, आणि निळी पाटी आल्यावर या वेळी पहिल्याच सेकंदाला बटण दाबलं. आत गेलो. म्हणजे कॉम्प्युटर या गुरुवारीच दुरुस्त झाला. तुला विचारण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही. पत्राला काहीतरी निमित्त हवं म्हणून वर तसं लिहिलं. खोडणार होतो, पण राहू दे.

तुझी आई तेव्हा भाजी आणायला गेली होती. ती रोज भाजीला जाते तेव्हा कोपऱ्यावर उभी राहून तुझ्याशी बोलते, हे मला माहीत आहे. इतकी भाजी आपण खात नाही. घरात कोणी नव्हतं, म्हणून मी फाईल लावली.

धवला होता. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात गातात तो पूर्ण धवला, तेलवणापासून पाठवणीपर्यंत. गावातल्या किती मांडवांत तुझी आई धवलारीण म्हणून बसली असेल. स्वतःच्या लेकीच्या मांडवात तिला मी जाऊ दिलं नाही. त्या दिवशी मी सकाळीच घरातून निघालो आणि ऐरोलीच्या जेट्टीवर जाऊन बसलो, पाणी चढताना आणि उतरताना बघत. तेवढ्या वेळात तिनं दार लावून घेतलं, तू कधीतरी दाखवलं असशील तसं कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावलं आणि एकटीनं सगळा धवला म्हटला. मागून झील धरायला कोणी नाही, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा स्वतःच म्हटली. मध्येच कुकरच्या शिट्टीचा आवाज आहे. धवल्यात नवरीच्या बापाचं नाव घ्यायची जागा येते. मला वाटलं, ती जागा ती सोडून देईल. तिनं घेतलं माझं नाव. घ्यायच्या आधी थोडी थांबली, पण घेतलं.

ऐकता ऐकता मागे बघतो तर ती पिशवी घेऊन दारात उभी. मी विचारलं, एवढी अडीच वर्षं हे जागूला का दिलं नाहीस?

"गावच्या सगल्या पोरींना गायली, माजे पोरीला कोन गानार व्हता? पन त्यात बापाचं नाव घेतलंय. बाप तिचे दारी जाईल तवाच दीन. नायतर ते गानं खोटं."

मला रडू आलं, जागू. तिच्यासमोरच आलं. तिनं पाणी दिलं आणि निवडायला कोथिंबीर दिली.

इंद्रजितरावांत खोट काढावी असं मला तेव्हाही काही सापडलं नव्हतं. घाटावरचे, आपल्यातले नाहीत, एवढंच. गावात काय सांगू, भावकीत काय तोंड दाखवू, या भीतीला मी तत्त्व म्हणत बसलो. तू निघताना उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारलंस, "बाबा, येणार ना?" आणि थांबलीस. मी पेपरातून मान वर केली नाही. तू चांगली दहा सेकंदांच्या वर थांबली होतीस. माझी चूक झाली, बाळा. आईला अडवलं ही त्याहून मोठी चूक. तुझी माफी मागतो.

धवला मांडवाबाहेर गात नाहीत; तुझ्या आईनं तो नेम त्या एकाच दिवशी मोडला, त्यामुळे आता तो तुला ऐकायचा तर हाच. मी त्याच्या तीन प्रती केल्या आहेत, एक पेनड्राइव्हवर. येत्या रविवारी, १९ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास आई तो घेऊन येईल. सोबत चकल्या आणि सुके बोंबील. मी तिला सोडायला येईन. तू आईला घरात घे. मला बघून त्रास होणार असेल तर तसं तिच्याकडे फोनवर सांग, मी खाली तुमच्या वॉचमनजवळ बसेन आणि एक शब्द बोलणार नाही. तो तुझा हक्क आहे. पण वर बोलावलंस, तर धवला चालू असताना मला एका कोपऱ्यात बसू दे. बापाचं नाव येईल तेव्हा बाप तिथे असावा, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. माझंही आहे.

इंद्रजितरावांना म्हणावं, तिखट बेताचं ठेवलंय.

तुझ्या लग्नपत्रिकेवर, मी नको म्हणत असताना, 'आपला नम्र' म्हणून तू ज्याचं नाव छापलंस, आणि जो आला नाही,

तो तुझा बाप,
देवजी