पत्रातलं एक वाक्य

२७ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज भरला. सेंट ओडील शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. सहा महिने त्या खुर्चीत बसतेच आहे — तात्पुरती. आता कायमची हवी. हवी म्हणजे हवीच.

त्रेचाळीस मुलं, दोन बस, चार शिक्षक. शहरातलं कार्यालय सतरा कॅथलिक शाळा चालवतं, शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या. त्यांत सगळ्यात लहान आमची. वाचनात मात्र गेल्या वर्षी पहिली. हे इथंच लिहिते, बाहेर मिरवत नाही.

एक कागद राहिलाय — फादरांचं पत्र. अर्जदार दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येतात, असं आपल्या फादरांनी लिहून द्यायचं. कॅथलिक शाळा, मागणारच.

माझा नवरा रेमंड घर सोडून गेला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी रविवारी चर्चला गेलेली नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

१ मार्च, बुधवार

इव्हॉन म्हणाली, "तीन रविवार जाऊन बस की गं. अगदी पुढं. थोडं खोकायचंही, म्हणजे लक्षात राहशील."

शाळेचं ऑफिस आणि स्वयंपाकघर दोन्ही तीच बघते. एकोणीस वर्षांची मैत्री, म्हणून एवढं बोलू शकते. हसले खरी. पण रविवारी माझ्याच शाळेतली मुलं असतात तिथं. पत्रासाठी आलेली बाई त्यांना ओळखू येणार नाही?

९ मार्च, गुरुवार

उणे एकेचाळीस अंश. बस बंद. गावातली अकरा मुलं चालत आली, पापण्यांवर बर्फ घेऊन. आजचं गरम जेवण उद्यावर ढकललं. डुकरांच्या फार्मवर काम करणाऱ्या पालकांनी सॉसेज पाठवले होते. सॉसेजना काय, एक दिवस टिकतील.

१० मार्च, शुक्रवार

बस पुन्हा सुरू, सगळी मुलं हजर. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या नाही, इव्हॉनच्या नाही. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातला शुक्रवार, मांस वर्ज्य — आणि त्रेचाळीस ताटांत सॉसेज! आमचे फादर उझोमाही हजर, मुलांकडून क्रूसाची वाट ही प्रार्थना करून घ्यायला आलेले.

पहिल्यांदा ओळखलं ते तिसरीतल्या ज्योवेलिननं. काटा खाली ठेवून म्हणाली, "बाई, आज शुक्रवार आहे."

मी फादरांकडे बघते, फादर ताटाकडे.

"टाकून द्यायचे का?" कुणीतरी विचारलं.

"टाकायचे कसे? माझे बाबा पहाटे चारला उठतात त्यांच्यासाठी," ज्योवेलिन म्हणाली.

मग आठवीतल्या मुली उठल्या. मी काही सांगितलं नव्हतं. बादल्या आणल्या, ताटं रिकामी केली, झाकणं लावली आणि मागच्या दारी बर्फात पुरल्या. वर खूण म्हणून हॉकीची काठी रोवली. सगळ्यांनी पाव, लोणच्याची काकडी आणि बटाटे खाल्ले. कुरकुर एकाचीही नाही. पहिलीतला एक म्हणाला, "सोमवारी मला दोन."

फादर हसत सुटले. "माझ्या गावच्या उन्हात हे जमलं नसतं हो. दुपारपर्यंत माशा आल्या असत्या."

चूक माझी. तरी दिवसभर ऊर भरून येत होता. अशी मुलं!

१४ मार्च, मंगळवार

फादरांकडे गेले. पत्र तयार होतं. छान लिहिलेलं. तिसरं वाक्य — 'दर रविवारी मिस्सेला उपस्थित असतात.'

"फादर, हे खरं नाही."

"मी चार गावं सांभाळतो, बाई. कोण आलं, कोण नाही, याची हजेरी घेत नाही."

"मी रोज घेते."

त्यांनी पेन उचललं. मग त्या वाक्यावर रेघ मारली. "हे वाक्य गेलं तर तुमची जागा जाऊ शकते. कळतंय ना?"

"कळतंय."

"येत का नाही, ते विचारू?"

"आज नको."

त्यांनी नव्यानं लिहिलं, त्या वाक्याशिवाय. त्या जागी शुक्रवारच्या बादल्यांची हकीकत. पाकीट बंद करताना म्हणाले, "हट्टी आहात." आवाजात राग नव्हता.

गाडीत बसून थोडं रडले. मग शाळेत गेले. पाचवीचे अपूर्णांक राहिले होते.

२३ मार्च, गुरुवार

शहरातल्या कार्यालयाच्या संचालकांचा फोन. चांगले आहेत, घसा खाकरत बोलत होते. "पत्र फार सुंदर होतं. पण त्यात जे हवं तेच नव्हतं." जागा शहरातल्या एका बाईंना दिली. ऑगस्टपासून. मी पाचवी-सहावीला, पूर्वीसारखी.

इव्हॉन तणतणली. "एक वाक्य! एका वाक्यापायी घालवलंस."

हो. घालवलं. नव्या बाईंसाठी सगळं नीट लिहून ठेवायला घेतलंय — कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाच्या शेतापाशी बस अडकते, कोणाला मोठ्यानं वाचायला लावायचं नाही. सात पानं झाली. वाचून पाहिली. ही शाळा मी चालवली होती.

२६ मार्च, रविवार

आता कुणाला पत्र द्यायचं नाही. नऊच्या मिस्सेला जाऊन आले.