विसर्जन कधी?

२६ डिसेंबर, शिरवणे

वरच्या खोलीतल्या आमच्या भाडेकरूने, मार्थाने, नाताळची गव्हाण मांडलीय. गवतावर एवढासा बाळ येशू. आज बघायला गेले आणि विचारून बसले, "विसर्जन कधी गं?" आमचा गणपती दीड दिवसाचा ना, सवयच ती.

मार्था हसली. "मूर्ती आवरून ठेवतो काकू, पण त्याला पोचवत नाय. तो माणसांत राहायलाच आला."

राहायला? म्हणजे नळाचं पाणी गेलं, घरात भांडण झालं, तरी इथेच? गवतावरचं ते बाळ काही डोक्यातून जाईना.

गणपती घरात असतो तेव्हा दीड दिवस मी सुनेवर आवाज चढवत नाही. विसर्जन करून आले की पुन्हा सुरू.

आणि तो गेलाच नाही तर?