बिनकांद्याचे पातेले

मी, मुनेव्वर एर्गिन, वय छप्पन्न, राहणार बालात, इस्तंबूल, पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते, की अकरा वर्षे माझ्या पातेल्याला झाकण नाही आणि एवढ्या मोठ्या अन्यायाची दखल कोणत्याही सरकारने घेतलेली नाही. ताटली ठेवून भागवते. ती सरकते आणि शिजत्या फुफ्फुसाचा वास जिनाभर जातो. डॉक्टरांनी मार्चपर्यंतची मुदत दिली आहे, म्हणून वाटणी आताच.

१. घर माझा धाकटा भाऊ रिफ्की याची मुलगी नेस्रिन हिला.

२. शिल्लक रक्कम गल्लीतल्या मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या जेवणाला. फुफ्फुस, कोंबडी, भात. मीठ नाही, कांदा-लसूण मुळीच नाही. निवल्यावर वाढावे. एकडोळ्या बोक्याला आधी, तो कोणासाठी थांबत नाही.

३. वरच्या मजल्यावरच्या हाजेरबाई वासाला वैतागून म्हणाल्या होत्या, "मेल्यावर तरी खिडकी लावून घ्या." साक्षीदाराला वारसा मिळत नाही, म्हणून त्यांना साक्षीदार केले आहे.

४. पातेले आईचे. ते रिफ्कीला, झाकण त्याच्याकडेच आहे. अकरा वर्षांपूर्वी मी आठ दिवस इस्पितळात होते तेव्हा माझा कुत्रा तार्चिन याला तोच इथे येऊन रांधून घालत होता. परतले तर तार्चिनच्या हिरड्या पांढऱ्या, लघवी तांबडी. तिसऱ्या दिवशी तो माझ्या मांडीवर गेला. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, कांदा.

मी रिफ्कीला विचारले, "कांदा घातलास?"

"ताई, कांद्याशिवाय अन्न कसलं? रोज परतून घालायचो. मिटक्या मारत खायचा."

"खाणारच. तुझ्यावर विश्वास होता त्याचा."

उरलेल्या कांद्यांची पिशवी मी जिन्यावरून खाली फेकली. तो झाकण पुसत उभा होता, ते हातात घेऊन तसाच गेला. दर सणाला फोन करतो. मी उचलत नाही.

येथे एक दुरुस्ती. इस्पितळात जायला निघताना त्याने विचारले होते, "कसं करू गं?" मी म्हणाले होते, "आई आपल्याला करायची तसं." आई आधी कांदा परतायची. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. ज्या हाताला मी विषारी म्हटले, त्याच हाताने माझ्यामागे गल्लीला वाढावे, एवढीच इच्छा.

बालात, ९ डिसेंबर २०२२
सही: मुनेव्वर एर्गिन
साक्षीदार: हाजेर तुंजेल, खाटीक शाबान ओराल

सह्यांनंतर जोडले: फेकलेले कांदे सहा होते, तो गेल्यावर जिन्यात वेचताना मोजले होते. आज सहा कांदे आणि चौथ्या कलमाची नक्कल पिशवीत घालून रिफ्कीच्या दाराला अडकवून आले. घंटी वाजवली नाही.