सोयाच्या पेजेवर वाढलेला नवरदेव

देद्झा, ४ मे १९९८

श्री. बिझविक म्वाले यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आम्ही बरे आहोत; तुम्हीही बरे असाल तर आणखी बरं.

तुमचा भाचा यामिकानी आणि माझी भाची एलिफा यांचं आपण दोघा मामांनी जुळवलं. तुमचा कोंबडा आणि आमची कोंबडी यांची देवाणघेवाण झाली की पक्कंच. पण परवा वर्तमानपत्रात वाचलं, सोयाबीनमध्ये बायकांच्या संप्रेरकासारखं काहीतरी असतं. ते चारल्यावर उंदरांच्या नर पिल्लांचे नको ते अवयव नीट वाढलेच नाहीत म्हणे. यामिकानी तर तुमच्याच गिरणीच्या सोयापिठाच्या पेजेवर वाढलाय! आमचा वंश मुलीकडून चालतो. जावईच कोरडा निघाला तर पुढे काय? तेव्हा डॉक्टरचं प्रमाणपत्र येईपर्यंत कोंबडा आणू नये. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालो. कागदाशिवाय माझं समाधान होत नाही.

राग नसावा, लोभ असावा.

आपला,
हॅस्टन चिसाले

कासुंगू, १५ मे

मामासाहेब, नमस्कार वि. वि.

चष्मा घरी राहिला होता, म्हणून तुमचं पत्र गिरणीत कारकुनाकडून वाचून घेतलं. दळणाला आलेल्या बायांनी ते सगळं ऐकलं. आता यामिकानी दिसला की विचारतात, काय रे पोरा, मिसरूड फुटलं का? बिचारा दिवसभर पोत्यांमागे असतो.

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, उंदरांना त्यातला अर्क ढिगानं चारला होता. पेज पिऊन माणसांच्या पोरांचं तसं होतं असा पक्का पुरावा अजून तरी नाही. म्हटलं, तेवढं लिहून द्या. तर म्हणाले, पेज प्यायल्याचा दाखला मी देत नसतो. आणि पोराला तपासायला मी नेणार नाही. भाचा आहे माझा, बाजारातला बैल नव्हे. तो म्हणतो, एलिफा नाही तर कोणीच नाही.

माया पातळ होऊ देऊ नये.

बिझविक म्वाले

देद्झा, २ जून

श्री. म्वाले यांस, नमस्कार.

कागद नाही तर लग्न नाही. एका ट्रकचालकाचं स्थळ आलंय. लहानपणापासून गोमांसावर पोसलेला गडी, मान बघावी! महिनाअखेर होकार कळवणार.

एलिफा त्याचं नावही काढू देत नाही. शिवाय तिची तब्येत बरी नाही. सकाळी उलट्या, चुलीजवळ बसवत नाही, बाजारातून मातीच्या वड्या आणून चघळते. ईस्टरला आठवडाभर तुमच्याकडे होती, तेव्हा तुमचा सोयाच बाधला असणार. वैदूला बोलावलं आहे.

कळावे.

हॅ. चिसाले

कासुंगू, ८ जून

मामासाहेब, नमस्कार वि. वि.

या वेळी चष्मा लावला आणि घरातल्या घरात बायकोला आणि यामिकानीलाच वाचून दाखवलं. मातीच्या वड्यांपर्यंत आलो, तर तिनं हातातलं सूप खाली ठेवून यामिकानीकडे बघितलं. तो छपराकडे बघायला लागला. मग ती इतकी हसली की शेजारीण धावत आली.

वैदू राहू द्या, सुईण बोलवा. ट्रकवाल्याला सांगा, रस्ता बंद आहे.

लोभ आता वाढवावाच लागेल.

बिझविक

देद्झा, १५ जून

म्वाले,

सुईण येऊन गेली. असला निर्लज्ज मुलगा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही! दंडाचा बकरा ताबडतोब पाठवा.

चिसाले

कासुंगू, २० जून

मामासाहेब, नमस्कार.

तुमच्या वर्तमानपत्राप्रमाणे आमचं पोर निर्दोष ठरतं. पण उंदरांच्या आड लपणारा मी नव्हे. शनिवारी बकरा, कोंबडा आणि नवरदेव, तिघांना घेऊन येतो. कोंबडाही सोयावरच वाढलाय, कोंबडी सांभाळा.

तुमचाच,
बिझविक

देद्झा, ६ जुलै

व्याही म्वाले यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

समारंभ छान झाला. यामिकानी नाचला बरा. एलिफाला सध्या तुमच्या सोयाच्या पेजेशिवाय पोटात काही ठरत नाही. दोन पोती लगेच पाठवावी. आम्ही मुलगीच होणार असं धरून चाललो आहोत, त्यामुळे सोयाला तूर्त हरकत नाही.

लोभ आहे, तो असाच दळत राहावा.

आपला,
हॅस्टन चिसाले