चारशेची लेन्स आणि समोरची गॅलरी

१० जाने.
घार अंड्यांवर बसली. आमच्या आणि समोरच्या बिल्डिंगच्या मधल्या सिल्व्हर ओकवर, पार शेंड्याला. रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली चारशे एमएमची लेन्स शेवटी कपाटातून बाहेर आली. गॅलरीत ट्रायपॉडवर. हिला झूम नाही. घार फ्रेममध्ये मावत नसेल तर आपणच मागे सरकायचं. मागे भिंत. मे. (आमची मेमसाहेब) म्हणाली, "स्वयंपाकघरातून काढा फोटो. येता येता कुकरही लावाल."

१३ जाने.
सकाळी घार अचानक उडाली तेव्हा बोट बटणावरच होतं. फोकस मागे गेला, थेट समोरच्या तिसऱ्या मजल्यावर. दाते सरांची गॅलरी. सर खुर्चीत, मुलगी नीलिमा वाटीतून भरवत होती. सरांनी घास थुंकला. तिने थोबाडीत मारली. चष्मा खाली पडला. तिनेच उचलून पुसला, परत त्यांना लावला आणि पुढचा घास.
सगळं कॅमेऱ्यात आलंय. इतकं जवळ, की सरांच्या हनुवटीवरची खीर दिसते.

१४ जाने.
मे.ला दाखवलं. म्हणाली, "पुसून टाका."
"आणि सरांचं काय?"
"त्यांना आता काही आठवत नाही. पोरगी नोकरी सोडून एकटी करतेय सगळं. तुम्ही एक दिवस करून बघा."
"म्हणून मारायचं?"
उठून आत गेली.

१७ जाने.
बसतो घारीसाठी, बघतो तिकडे. आज नीलिमाने सरांची नखं कापली, डोक्याला तेल लावलं. किती हळुवार. दुपारी त्याच हाताने दंड असा पिळला की सरांचं तोंड उघडंच राहिलं. लेन्समधून आवाज येत नाही.
हे बघणं बरं नाही. न बघणं तरी कुठे...

२० जाने.
घारीच्या फोटोचा प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेलो. निमित्त. "या काका," म्हणत नीलिमाने खुर्ची दिली, चहा टाकायला आत गेली. सरांच्या मनगटावर काळानिळा डाग. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "अहो, या नवीन बाई मारतात. पण आमच्या नीलूच्या कानावर घालू नका. फार मनाला लावून घेते ती."
चहा तसाच ठेवून निघालो.

२१ जाने.
नीलिमा गेटपाशी भेटली, औषधं घेऊन येत होती. म्हटलं, "मी पाहिलंय, नीलिमा." काय पाहिलं, विचारलं नाही. मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघितलं.
"फोटो आहेत?"
"आहेत."
"दादाला पाठवा. मी फोनवर सांगून थकले, मला झेपत नाही. तो म्हणतो, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."
म्हटलं, अगं, तुझ्याबद्दल काय वाटेल त्याला.
"काका, परवा मी उशी हातात घेऊन बाबांपाशी उभी होते. बराच वेळ."
पिशवी उचलून गेली.

२२ जाने.
पाठवले. तिचा दादा श्रीरंग, बंगळूरला असतो. लगेच फोन. "आमच्या घरावर कॅमेरा लावून बसता? लाज नाही वाटत?"
वाटते, म्हटलं.
मग म्हणाला, "बाबा इतके बारीक कधी झाले?"

२६ जाने.
श्रीरंग आला. भोरच्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे, तिथे ठेवायचं ठरलं. सध्यापुरतं म्हणे. सर शर्ट खोचून, भांग पाडून, शाळेला निघाल्यासारखे. गाडीत बसताना त्यांनी नीलिमाची ओढणी धरली, ती सोडेनात. श्रीरंगने हात सोडवला. माझ्याकडे बघितलंही नाही.
जिन्यात खालचे जोशी म्हणाले, "आम्हीही पडदे लावून घ्यावेत का? नाही, विचारून ठेवलेलं बरं."

२९ जाने.
लेन्स बॅगेत. मे. रोज दुपारी नीलिमाकडे जाऊन बसते. म्हणते, दोघी फारशा बोलत नाहीत. नीलिमा दार वाजलं की दचकून उठते, भरवायची वेळ झाली म्हणून वाटी घेते, परत ठेवते.
मे.ला विचारलं, मी केलं ते बरोबर केलं ना. "मला नका विचारू," म्हणाली.

२ फेब्रु.
आज नीलिमा आपणहून आली. आश्रमात उद्यापासून सरांना भेटायला येऊ देणार आहेत.
"मला बघून ते घाबरले तर? की घरी चल म्हणून मागे लागले तर? कशाची जास्त भीती वाटते, तेच कळत नाही."
मे. म्हणाली, "मी येते सोबत."
नीलिमा माझ्याकडे बघत म्हणाली, "काकांनी यावं. यांच्यापासून लपवायला काही उरलेलं नाही."
उद्या सकाळी स्वारगेटहून बस आहे. मे. शिरा करून देणार, सरांना आवडतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.