साठ किलोंवरून खाली

११ ऑगस्ट १९८६, सोमवार. सकाळी.
वजन ५९.५.
हैबतराव उस्तादांचा हुकूम: वही ठेव. बावीस वर्षं पलटणीत बॉक्सिंग शिकवलेला माणूस, वहीशिवाय त्यांचं पान हलत नाही. म्हणाले, रोज वजन लिही, काय खाल्लं ते लिही, खरं लिही, मी वाचणार न्हाई. मग लिहायचं कशाला? पण पौडात बॉक्सिंगचं दुसरं कोण आहे? बाकी सगळे कुस्तीचे लंगोटवाले. राज्य स्पर्धेत सिल्व्हर मेडल घेऊन आलो तेव्हा एकाने विचारलं होतं, "पर समोरच्याची पाठ लागली का?" अशा गावात राहतो मी. वीट आलाय.
ध्येय: २३ नोव्हेंबर, पुणे, जिल्हा स्पर्धा, गट ६० किलो. पहिला नंबर. पहिला आलो की पिरंगुटची कंपनी मला टेंपररी हेल्परचा पर्मनंट करणार, साहेबांनी शब्द दिलाय. पर्मनंट झालो की माझी बायको जया पिरंगुटजवळच्या चांद्याहून परत येणार. पाचवा महिना लागलाय तिला आणि बसलीय माहेरी. जाताना दोन अटी घालून गेली. पहिली नोकरीची. दुसरी आत्ता आठवत नाही.
उद्यापासून: पहाटे पाचला उठणे. पाच मैल पळणे. दोरीवरच्या उड्या एक हजार. दूध एक शेर. भैरूची पावडर बंद.

१२ ऑगस्ट.
उठलो, साडेनऊ. रस्त्यावर चिखल. घोटा मुरगळला तर स्पर्धाच गेली. पळणं कॅन्सल, हा शहाणपणा.
पावडर एकदम बंद करणं शास्त्रीय नाही. उजव्या हाताची बोटं फायनलपासून ठणकतात. डॉक्टरच्या गोळीने काही झालं नाही. भैरू पुणे-पौड टेंपो चालवतो, चार माणसांत उठबस आहे, त्याने हे औषध आणून दिलं. चंदेरी कागदावरचा तो धूर दोनदा छातीत घेतला की हात दुखायचा थांबतो, नुसता हातच नाही, सगळंच. फक्त हातासाठी घेतो. दिवसातून एकदा. कधी दोनदा.

२० ऑगस्ट.
वजन ५८.
वजन भाताच्या गिरणीत करतो, पोत्यांच्या काट्यावर. काट्यावर कोंडाजी असतो. हा माणूस आकडा मनात ठेवत नाही, अख्ख्या गिरणीला ऐकवतो. आज म्हणाला, आनंदा, तुझं पोतं कुटंतरी फाटलंय. सगळे हसले. त्या धुळीत बसून, तोंडात तंबाखू, दात बघवत नाहीत, आणि हा मला बोलतो. शी.
आईने अंडी उकडली. वासानेच ढवळलं. आईच्या हातचं हल्ली काहीच खाववत नाही. तेल बदललं असेल.

२ सप्टेंबर.
वजन ५७. बरोबर सत्तावन्न.
यात एक गोष्ट लक्षात आली, आणि ती कुणालाच सुचली नसती. ६० किलोत जयसिंग आहे. त्याला मी दोनदा हरवलंय, तिसऱ्यांदा हरवण्यात काय मजा? शिवाय मोठ्या घरचं पोरगं, दूधदुभतं खाऊन सुटलंय नुसतं. ५७ किलोत उतरलो तर माझी उंची सगळ्यांपेक्षा जास्त, हात लांब. लांबूनच मारीन. उस्तादांना सांगितलं, गट बदला, हा माझा प्लॅन आहे. ते बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मग सायकल काढून एस.टी. स्टँडवर गेले, पुण्याला जाऊन फॉर्म बदलून आले.
पलटणीतल्या माणसाला डावपेच कळायला वेळ लागतो.

१४ सप्टेंबर.
उस्ताद ग्लोव्हजचं विचारतात. रोज. ग्लोव्हज भैरूकडे दिलेत, शिवण उसवली होती, पुण्याला दुरुस्तीला. किती दिवस लागतात म्हणाले. मी काय चांभार आहे? त्यांचे स्वतःचे ग्लोव्हज होते, पलटणीतून निघताना मिळालेले, मान्य. पण म्हणून रोज विचारायचं?
टॉवेल गुंडाळून सराव केला. दोन मिनिटांत घाम, खाली बसलो. हवा दमट आहे.
उद्यापासून पाचला उठणे.

२८ सप्टेंबर, रविवार.
वजन ५४.५.
भैरूबरोबर पुण्याला गेलो होतो, औषध संपलं होतं. स्टेशनच्या मागे दोघं गर्दुल्ले बसलेले. पहिल्यांदा जवळून बघितले. नाक वाहतंय, माशा बसतायत, हाकलायचं भान नाही. एक जण माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. ओकारीच आली. माणसं आहेत का कोण? आईबापांनी यासाठी वाढवलं? फटके मारले पाहिजेत. भैरूला तसं म्हटलं, तोही म्हणाला, खरंय, आपलं तसलं न्हाई, आपलं हातासाठी हाय. ज्याच्याकडून भैरू औषध घेतो तो त्यांच्या शेजारीच बसतो. जागा बदलायला सांगितली पाहिजे त्याला.
येताना टेंपोत सर्दी वाढली. महिनाभर सर्दी आहे. धरणावरचा वारा.

३ ऑक्टोबर.
५४ झालो. नवा गट, ५४ किलो. उस्तादांना म्हटलं, ५७ मध्ये सगळे आडदांड, चपळाई नाही, बॉक्सिंगचा अपमान. खरं बॉक्सिंग ५४ किलोत चालतं. ते पुन्हा पुण्याला गेले.
कंपनीतून चिठ्ठी: नऊ खाडे. स्पर्धेची तयारी करणाऱ्या खेळाडूला खाडे विचारतात. या देशाला मेडलं मिळत नाहीत ती उगाच नाही.

१४ ऑक्टोबर.
आज विहारात कार्यक्रम. मंडळाच्या पोरांनी मला बोलवलं, सिल्व्हर मेडलवाला म्हणून. पांढरा शर्ट घातला, आईने नीळ घालून धुतलेला, आता दोन माणसं मावतील इतका सैल. विषय त्यांनीच दिला: तरुण आणि व्यसन. छान बोललो. म्हणालो, बाबासाहेबांनी शिका म्हटलं, ओढा म्हटलं नाही. स्टेशनमागच्या त्या दोघांचं वर्णन केलं, माशांसकट. लोक इतके भारावले की टाळी वाजवायचंसुद्धा विसरले. मंडळाचा अध्यक्ष खाली मान घालून बसला होता.
आई मध्येच उठून गेली. भाषण कळत नाही तिला. घरी आलो तर चुलीपुढे बसलेली, धूर नव्हता तरी डोळे पुसत होती. जेवायला वाढलं आणि म्हणाली, तुझा बाप असता तर.  पुढचं मी विचारलं नाही, भूक नव्हती.

२९ ऑक्टोबर.
वजन ५१. गट बदलला. (उस्ताद म्हणाले, आनंदा, खाली आनखी येकच गट हाय. मी म्हटलं, माहीत आहे.)
आरशात बघितलं. फासळ्या मोजता येतात. चरबी नावाला नाही. हीच खरी कंडिशन.
दात घासायचं राहतंय हल्ली. अंघोळीचं पाणी अंगावर टोचतं. आई म्हणते वास येतोय. नाक माझं वाहतंय आणि वास तिला येतोय.

९ नोव्हेंबर, रविवार.
वजन ४९.
चांद्याला गेलो जयाला आणायला. पिरंगुटला उतरून चालत, वाटेत चारदा बसलो. सासऱ्यांनी पाणी दिलं, ग्लास परत घेताना कडेला धरला, जिथे माझी बोटं लागली नव्हती तिथे. बघून ठेवलंय मी.
जया ओसरीवर आली. आठवा महिना, पोट चांगलंच पुढे आलंय. तिने विचारलं, दुसरी अट ध्यानात हाय का? मी म्हटलं, आहे की, घरावरची कौलं बदलायची. ती मग म्हणाली, "तेवीसला मी येते बघाया. ते ओढून येऊ नका, येवढंच."
ते म्हणजे काय, स्पष्ट बोलत नाही. अर्धवट बोलायची तिची सवय मला मुळीच आवडत नाही. पण येणार म्हणाली. लग्नाला दोन वर्षं झाली, तिने मला रिंगमध्ये एकदाही बघितलेलं नाही.
येताना वाटेत रडू आलं. सर्दीमुळे.

१३ नोव्हेंबर.
ठरलं. औषध आजपासून बंद, तेवीसपर्यंत. दहा दिवस. मी राज्याचा सिल्व्हर मेडलिस्ट आहे, माझ्यासाठी दहा दिवस म्हणजे काय?

१४ नोव्हेंबर.
हाडं कुणीतरी आतून पिळतंय. उलट्या, जुलाब. आईने कमरेखालचं धुतलं. सव्विसाव्या वर्षी. स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती. तिने नाकाला पदरसुद्धा लावला नाही, त्याचा जास्त राग आला.
दुपारी भैरू येऊन गेला. एकदम बंद करणं धोक्याचं असतं म्हणाला, मी आधीच लिहून ठेवलंय तसं, १२ ऑगस्ट बघावे. थोडं घेतलं.

२० नोव्हेंबर.
वजन ४८. शेवटचा गट, ४८ किलो. आता कितीही उतरलं तरी गट हाच, बदलायची कटकट संपली. उस्ताद चौथ्यांदा पुण्याला जाऊन आले. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटलाय, सुतळीने बांधलाय. मी पर्मनंट झालो की पहिली चप्पल त्यांना.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेअकरा, पुणे, स्पर्धेच्या मांडवात.
वजन ४७.८. पास. डॉक्टरने पापणी खाली ओढून बघितली, ताप येतो का विचारलं, शिक्का मारला.
आणि बातमी. ४८ किलोत फक्त दोन नावं, मी आणि पिंपरीकडचा एक पोरगा. तो वजनालाच आला नाही! माझं नाव ऐकून पळाला असणार. उस्तादांनी नियम समजावला, खांद्यावर हात ठेवून: दुपारी नाव पुकारतील, ग्लोव्हज घालून रिंगमध्ये जायचं, घंटा होईल, तीन मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग पंच हात वर करतो. जिल्ह्यात पहिला. ठोसा मारायचा न्हाई, खायचा न्हाई, निस्तं हुभं ऱ्हा.
चार महिन्यांचा प्लॅन! एकेक किलो हिशेबाने उतरवत असा गट गाठला की जिथे समोर माणूसच नाही. आयुष्यभर ठोसे खाणाऱ्यांना हे सुचत नाही.
जया आलीय. आईबरोबर पहिल्या रांगेत बसलीय, हिरवं लुगडं. आईने चपातीची गुंडाळी करून दिली, खाल्ली, राहिली पोटात.
अडीच तास आहेत अजून. घाम सुटलाय, पाय जागेवर राहत नाहीत. उभं राहायचं तर अंग शांत पाहिजे. दोनच झुरके. जयासाठीच.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
प्रोटेस्ट लिहायचा आहे. कच्चा मसुदा.
मुद्दा एक. मैदानामागच्या संडासात घंटा ऐकू येत नाही. अशा ठिकाणी स्पर्धा घेणे चूक. शिवाय त्या संडासाची अवस्था. पाय ठेवायला जागा नाही, भिंतीला टेकलो तर शर्टाला लागलं.
मुद्दा दोन. नाव पुकारलेलं ऐकू आलं होतं, दोनदा, हे मान्य. पण समोर कोणी नाहीच तर घाई कसली, असं कुणालाही वाटेल. डोळा लागला तो औषधाने नाही, दहा दिवस झोप नव्हती.
मुद्दा तीन. बाहेर आलो तेव्हा ५४ किलोची लढत चालू होती आणि फळ्यावर लिहिलेलं: ४८ किलो, दोघेही गैरहजर. हे साफ खोटं. पिंपरीचा पोरगा पिंपरीत होता, मी मैदानाच्या आवारात होतो. दोघं सारखे कसे?
खाली जे घडलं ते मसुद्यात घालायचं नाही.
मला उस्तादांनी बाहेर काढलं. दार ढकलून आत आले, त्या घाणीत वाकले, माझ्या हातातला चंदेरी कागद घेऊन खिशात घातला, शर्टाचा मागचा भाग ओल्या टॉवेलने पुसला. तो टॉवेल रिंगच्या कोपऱ्यात माझ्यासाठी घेऊन उभे होते ते. तीन मिनिटं उभे होते, आईने सांगितलं. एकटेच.
मांडवात त्यांनी जयाला सांगितलं, पोट बिघडलं त्याचं, सकाळपासून. जया म्हणाली, "मामा, तुमी कशाला खोटं बोलताय?"
बसमध्ये मी तिच्या मागच्या सीटवर होतो. तिला मुद्दा एक सांगितला. मुद्दा दोन निम्मा सांगितला. ती खिडकीतून बघत होती. पिरंगुटला उतरली, चांद्याची पिशवी काखेत, एक हात कमरेवर. आई हाताला धरून खाली सोडायला गेली. मी उठलो तर जया वळून म्हणाली, बसा. रागाने नाही. अनोळखी माणसाला सांगतात तसं.
पुढे पौडपर्यंत उस्ताद माझ्या शेजारी बसले. त्यांना म्हटलं, प्रोटेस्ट करू, नियम काय सांगतो ते बघू, पुढच्या वर्षी तर नक्कीच. ते ऐकत होते. स्टँडवर उतरलो तेव्हा बोलले, हळू, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.
"आनंदा, समोर कुनीच नव्हतं रं."
यावर मुद्दा चार लिहायचा आहे. सकाळी सातपासून बसलोय. दुपार झाली. सुचत नाही.